शिष्यवृत्ती मंजूर झाली, मग पैसे गेले कुठे?

‘महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतोय, पण मुलीच्या खात्यात एक रुपया नाही,’ असं पालक आम्हाला सांगतात. अशा वेळी बरेचदा अर्ज बरोबर असतो, घोडं अडतं बँकेत.

केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली की काम झालं, असं आपण समजतो. तसं नाही. हा पैसा आधार क्रमांकावरून येतो आणि एका आधारला त्यासाठी एकच खातं जोडलेलं असतं, शेवटचं सीडिंग ज्या बँकेत झालं ते. पोरांनी मोबाईलवर दुसरं खातं उघडताना सीडिंगला होकार दिला असेल, तर रक्कम तिकडे गेलेली असू शकते. ते खातं आधी बघा!

मायआधारच्या साइटवर ओटीपीने लॉगिन केलं की ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव दिसतं. बँक दुसरीच निघाली किंवा सीडिंग बंद असेल, तर हव्या त्या शाखेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरा. पोच मागून घ्या, तोंडी ‘हो जाएगा’वर परत येऊ नका. आधारला मोबाईल नंबरच जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही, म्हणजे आधी आधार केंद्र.

या काळात ‘स्कॉलरशिप अडकली आहे, पिन टाका’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कुणी फसलंच, तर लगेच १९३० वर फोन लावा.