दुसऱ्या विद्यापीठात जाण्यापूर्वी ‘किरकोळ’ विषय पुरे करा

बारावी झालेल्या मुलीला एकदम पुण्याला पाठवणे सगळ्यांनाच जमते असे नाही. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, शिवाय पोर घरापासून लांब राहणार याची धास्ती. म्हणून सोनगीर, देवभाने, नगाव या बाजूची पुष्कळ मुले-मुली आधी धुळ्याच्या कॉलेजात नाव घालतात. आग्रा रोडवर उभे राहिले की एस.टी. मिळते. वीसेक किलोमीटरचा रस्ता, आणि संध्याकाळी पोर घरी. मार्च २०२३ पासून बायका-मुलींना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले, तोही आधार आहे. “दोन वर्षे इथे काढू, मग पुण्याला नाहीतर नाशिकला बघू,” असा हिशेब घरोघरी होतो.

हिशेब वाईट नाही. जुन्या मंडळींना आठवत असेल, अकरावीची मॅट्रिक होती तेव्हा इंटर सायन्सपर्यंत जवळच्या कॉलेजात शिकायचे आणि मग इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला मोठ्या शहरात जायचे, अशीच रीत होती. अमेरिकेतही ती आहे. तिथे कम्युनिटी कॉलेज म्हणून दोन वर्षांची कॉलेजे असतात. इलिनॉय राज्यातले जोलिएटचे कॉलेज १९०१ साली निघाले. घरी राहून, कमी फीमध्ये, भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे सर्वांना लागणारे विषय मुले तिथे पुरे करतात आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जातात. कॅलिफोर्नियात या विषयांची ठरलेली यादीच आहे. ती पुरी करून आलेल्या मुलाला विद्यापीठ ते सर्वसाधारण विषय पुन्हा करायला लावत नाही. यादीतले अर्धे सोडून जो येतो, त्याचा मात्र वेळ आणि पैसा दोन्ही जातो.

आपल्याकडेही आता असेच होऊ लागले आहे, आणि घरच्या माणसांना त्याची पुरेशी माहिती नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजे ज्या विद्यापीठाखाली येतात, ते जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. ते १९९० साली स्थापन झाले. त्याआधी आपली कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. नव्या रचनेत मुख्य विषयाबरोबर भाषा, पर्यावरण, भारतीय संविधान, भारतीय ज्ञान परंपरा, एखादा कौशल्याचा विषय, शिवाय आपल्या शाखेबाहेरचा एक खुला विषय घ्यावा लागतो. एन.एस.एस., एन.सी.सी., खेळ, योग यांचेही गुण धरतात.

मुले या सगळ्याला ‘किरकोळ विषय’ म्हणतात. मुख्य विषय केमिस्ट्री, तर पर्यावरण काय वाचायचे! दोन क्रेडिटचा तर विषय, मागाहून काढू. इथेच घोटाळा होतो.

क्रेडिट म्हणजे काय ते आधी पाहू. मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. साधारण पंधरा तास वर्गात शिकले की एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट मिळवायची आणि तीन वर्षांत १२० ते १३२ झाली की पदवी. दूध डेअरीच्या कार्डासारखे समजा. रोज दूध घातले तरी कार्डावर जेवढे लिटर चढले तेवढ्याचेच पैसे मिळतात. तसेच मुलगी वर्गात बसली, परीक्षेलाही गेली, पण क्रेडिट खात्यावर चढले नाही, तर दुसऱ्या विद्यापीठाच्या लेखी तो विषय झालेलाच नाही.

आता खरी अडचण सांगतो. हे सर्वसाधारण विषय बहुतेक सगळे पहिल्या दोन वर्षांतच असतात. तिसऱ्या वर्षी वेळापत्रकात मुख्य विषयच भरलेला असतो. समजा, तुमच्या मुलीचा पहिल्या वर्षाचा संविधानाचा पेपर राहिला आणि ती तशीच दुसऱ्या विद्यापीठात गेली. तिथे तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तो विषय नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात आहे, पण अभ्यासक्रम वेगळा आणि तास मुख्य विषयाच्या तासावरच. इकडे जुन्या कॉलेजातून नाव निघालेले. मुळात ए.टी.के.टी. असलेल्या विद्यार्थ्याला घ्यायचे की नाही हे नवे विद्यापीठ ठरवते, आणि नाही म्हटले तर त्याला भाग पाडता येत नाही. दोन क्रेडिटच्या पेपरापायी वर्ष बसते.

मुलांचे एक वेळ ठीक आहे, वर्ष गेले तरी घरचे सांभाळून घेतात. मुलींचे तसे नसते. दुसरे वर्ष संपता संपता स्थळे येऊ लागतात, आणि आपल्याकडची कितीतरी लग्ने सुरतेला, नाशिकला, पुण्याला ठरतात. “पुढचे शिकवू,” असे सासरची माणसे बैठकीत म्हणतात, काही ठिकाणी मनापासून म्हणतात. पण सून नव्या कॉलेजात गेली आणि तिथल्या कारकुनाने “आधी जुने पेपर काढून आणा” म्हटले, की दर परीक्षेला माहेरी येणे आले. एकदा-दोनदा होते, मग शिक्षण सुटते. म्हणून साखरपुड्याची तारीख धरण्यापूर्वी मुलीचे गुणपत्रक एकदा पाहा. चारही सत्रांत नापासाची खूण कुठे नाही ना, एवढे तरी बघता येईल.

क्रेडिट साठवण्यासाठी सरकारने ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ काढली आहे, त्याचे नियम २०२१ साली झाले. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा आकडी ‘अपार’ क्रमांक मिळतो आणि कॉलेजने पाठवलेली क्रेडिट त्यावर जमा होतात. ती सात वर्षांपर्यंत धरली जातात. म्हणजे लग्नामुळे, बाळंतपणामुळे किंवा दुष्काळी वर्षाने शिक्षण थांबले तरी केलेले वाया जात नाही. मात्र जमा झाली की नाही हे आपणच मोबाईलवर उघडून पाहावे. नावाची गफलत फार होते. गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारकार्डावर शेवटी, कुठे वडिलांचे नाव अर्धेच. अशी तफावत कॉलेजात असतानाच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदलले तर काम आणखी वाढते.

खात्यात क्रेडिट आहेत म्हणून दुसऱ्या विद्यापीठाने जागा दिलीच पाहिजे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. जागा शिल्लक हवी आणि विषय जुळायला हवेत. राज्याचा आराखडा एक असला तरी विषयांची नावे आणि अभ्यासक्रम विद्यापीठागणिक वेगळे असतात. म्हणून जायचे ठिकाण ठरले की तिथल्या कॉलेजात आपला अभ्यासक्रम आणि गुणपत्रके दाखवा. कोणते विषय धरणार, कोणते पुन्हा करायला लावणार आणि त्यांच्याकडे कमीत कमी किती क्रेडिट मिळवावी लागतील, हे विचारा आणि लेखी घ्या. तोंडी “होऊन जाईल” यावर टी.सी. काढू नका. टी.सी. बरोबर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागते, ते विद्यापीठाकडून येते आणि त्याला वेळ लागतो.

डिप्लोमावाल्यांची वाट वेगळी आहे. दहावीनंतर तीन वर्षे पॉलिटेक्निक करून मुलगा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो. ही वाट चांगली रुळलेली आहे, धुळे-जळगावला सरकारी पॉलिटेक्निकही आहेत. पण तिथेही अडते ते गणितातच. बारावी करून आलेल्या मुलांचे पहिल्या वर्षाचे गणित झालेले असते, याचे तेवढे झालेले नसते, आणि दुसऱ्या वर्षाचे गणित त्याच्यावरच उभे असते. निकाल आणि प्रवेश यांच्यामध्ये जे आठवडे मिळतात, त्यांत पहिल्या वर्षाचे गणिताचे पुस्तक आणून द्या. कपाशीच्या निंदणीला त्या दिवसांत एक मजूर जास्त लावावा लागला तरी चालेल.

आणि नाव बदलणे कुठेच जमले नाही, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून ते घरी बसून शिकणाऱ्यांसाठीच चालते. तिथे नाव घालतानाही जुनी गुणपत्रके बरोबर न्या आणि काही धरता येईल का ते विचारा. धुळ्याला असलेल्यांनी चौथ्या सत्राचा परीक्षा फॉर्म भरतानाच मागचा राहिलेला प्रत्येक पेपर त्यात घालावा. फॉर्मची मुदत कॉलेजच्या फळ्यावर लागते आणि ती फार थोड्या दिवसांची असते.