खिडकी तुटली की छप्पर का उडतं? वादळात टिकणाऱ्या खिडक्या-दारांचं गणित

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकलं आणि कौलं, पत्रे अक्षरशः उडाले. दोष छपराचाच असतो असं आपण धरून चालतो. पण अनेकदा सुरुवात खिडकी किंवा दारापासून होते. वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली की हवा आत घुसते आणि छपराला खालून वर ढकलते. त्याच वेळी वरून वाहणारा वारा छप्पर ओढत असतो. दोन्ही जोर एकत्र आले की छप्पर सुटतं.

हा जोर किती? वारा ताशी १२० किलोमीटर असेल, तर चार बाय चार फुटांच्या खिडकीवर सुमारे १०० किलोचा भार येतो. वेग दुप्पट झाला, तर भार चौपट! इमारतींसाठीच्या ‘आयएस ८७५’ या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरला आहे.

काच जाड असली की झालं, असं नाही. हा भार काचेकडून झडपेकडे, तिथून कडी-बिजागरीकडे, मग चौकटीकडे आणि शेवटी भिंतीत जायला हवा. साखळीतला एक दुवा कच्चा असेल, तर अख्खी खिडकीच आत येते. माझ्या भाड्याच्या फ्लॅटमधली स्लायडिंग वाऱ्यात खडखडायची. पाहिलं तर चौकटीला एका बाजूने स्क्रूच नव्हता, नुसतं सिलिकॉन!

म्हणून चांगल्या खिडकीला एकाऐवजी तीन-चार ठिकाणी अडकणारं लॉक असतं. कोकणातल्या जुन्या दारांचा अडसर हेच काम करायचा. दाराचा भार थेट दोन्हीकडच्या भिंतींवर टाकायचा.

काचेतही फरक आहे. टफन्ड काच मजबूत असते, पण फुटली की तुकडे होऊन खाली पडते आणि वाट मोकळी होते. लॅमिनेटेड काचेत मध्ये प्लास्टिकचा थर असल्याने तडे गेले तरी ती जागेवर राहते. १९९२च्या ‘अँड्र्यू’ चक्रीवादळानंतर अमेरिकेतल्या मायामी परिसरात नियम कडक झाले. तिथे चाचणीत खिडकीवर सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने आदळवतात.

आणि हो, काचेवर चिकटपट्टीची फुली मारून ताकद वाढत नाही. ‘हवा खेळती राहावी’ म्हणून मागची खिडकी उघडी ठेवणंही चूकच. वादळात सगळ्या खिडक्या बंद, कड्या लावलेल्या.