कुलूपबंद फोनमधला मोकळा प्लेयर

केशरी-पांढऱ्या शंकूचा व्हीएलसी प्लेयर अनेकांच्या संगणकावर असतो. पॅरिसजवळच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाला २००१ मध्ये जीपीएल परवाना मिळाला. म्हणजे कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. फक्त पुढच्याच्या या हक्कांवर जादा अटी लादू नयेत.

२०१० मध्ये व्हीएलसी आयपॅड-आयफोनवर आला आणि इथेच घोडं अडलं. अ‍ॅप स्टोअरच्या अटींनुसार घेतलेलं अ‍ॅप मोजक्याच उपकरणांवर वापरता येई, दुसऱ्याला देता येत नसे. हरकत घेतली ती व्हीएलसीच्याच एका प्रमुख प्रोग्रॅमरने, रेमी देनी-कुरमों यांनी. घरचाच अहेर! जानेवारी २०११ मध्ये अ‍ॅप स्टोअरमधून काढलं गेलं. परत यायचं तर परवाना बदलायला हवा, आणि त्यासाठी कोड लिहिणाऱ्यांची संमती हवी. ती गोळा करणं म्हणजे वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची सही आणण्यासारखंच. जुलै २०१३ मध्ये मोझिला परवान्याची जोड घेऊन अ‍ॅप परतलं.

कोड खुला आहे, फोन नाही. कोडमध्ये फेरफार करून तो स्वतःच्याच आयफोनवर अ‍ॅपलच्या फुकट खात्यातून टाकलात, तर सात दिवसांनी अ‍ॅप उघडायचं थांबतं. जास्त दिवस हवं, तर अ‍ॅपलला वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागतात.