आधी चहा, मग हिशेब

कर्जाच्या कागदांवर जामीनदाराची सही घेताना मी एक प्रश्न हटकून विचारत असे, ‘तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?’ उत्तर बहुधा अभिमानानं यायचं, ‘शाळेपासून!’ पुढे हप्ते थकले की नोटीस त्या शाळासोबत्याच्याही दारात जाई. बुडीत कर्जांची वसुली मी नोकरीत थोडीफार तरी झालेली पाहिली, पण त्यापायी तुटलेल्या मैत्रीची क्वचितच. कर्ज फिटल्यावरही माणसं एकमेकांना पाहून रस्ता बदलत. म्हणजे सल पैशांचा नव्हताच. ‘अडचणीत होतास, तर मला आधी का सांगितलं नाहीस?’ हा होता.

थोरामोठ्यांचंही फार निराळं नसतं. टिळक आणि आगरकर यांचं का बिनसलं, याचं उत्तर आपण शाळेत पाठ केलं आहे: एकाला आधी राजकीय सुधारणा हव्या होत्या, दुसऱ्याला सामाजिक. परीक्षेपुरतं ते ठीकच. पण या दोघांची सुरुवात आठवून पाहा. दोघेही १८५६च्या जुलैतले, नऊ दिवसांच्या अंतरानं जन्मलेले. डेक्कन कॉलेजात शिकतानाच त्यांनी सरकारी नोकरी न करता शिक्षणाचं काम करायचं ठरवलं. १८८१ साली ‘केसरी’ निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८२मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी मिळून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. नोकरीसाठी ठाण्याहून धीम्या लोकलनं जाताना सँडहर्स्ट रोड आलं, की डोंगरी इथलीच, हे मला आठवायचं. कोठडीत शंभर दिवस एकत्र काढलेली माणसं नंतर एकमेकांविरुद्ध लेखणी उचलतात, हे गाडीच्या गर्दीतही चमत्कारिक वाटे.

आगरकर १८८७मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. हे झालं मतांचं. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीत जे चाललं होतं, ते कुठल्याही कचेरीत चालतं. पगार किती असावा, सभासदांनी बाहेरची कामं घ्यावीत की नाही, यांवर खडाजंगी होई. १८९०मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढं कळतं, की तत्त्वावरून भांडलेली माणसं संध्याकाळी एकत्र जेवू शकतात. पगार आणि रजेवरून भांडलेल्यांना ते जड जातं.

१७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. दम्यानं त्यांना पोखरलं होतं. एकोणचाळीस वर्षं पुरी व्हायलाही महिनाभर बाकी होता. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि तो लिहिताना त्यांचे डोळे पुनःपुन्हा भरून येत होते, असं सांगतात. त्यातला चांगला शब्द न् शब्द महाराष्ट्रानं वाचला. ज्यानं वाचायला हवा होता, तोच नव्हता.

त्यांनी मतभेद मिटवायला हवे होते, असं मी म्हणत नाही. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याबाबत मला तरी आगरकरच पटतात, आणि ते नमते घेते तर आपलंच नुकसान होतं. पण वाद मिटल्याशिवाय भेटायचं नाही, ही अट आपणच घालून घेतो. कोण चुकलं ते ठरेपर्यंत चहा थांबतो, आणि वयाच्या साठीनंतर चहा किती दिवस थांबवायचा?

आमच्या कोपरीत गल्ल्या इतक्या चिकटून, की अबोला धरणं हेही कष्टाचंच काम. माझ्या ओळखीच्या दोघांनी ते सहा वर्षं निगुतीनं केलं. निमित्त, इमारतीच्या पुनर्विकासाच्या संमतिपत्रावरची सही. त्यांच्या बायका मात्र बाजारात भेटून एकमेकींना भाजीचे भाव सांगत राहिल्या. सगळा दळणवळण विभाग त्यांच्याच हाती. त्यांच्याकडूनच पहिल्याला कळलं, की दुसऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आहे.

तो माझ्याकडे आला, जुन्या सभेच्या इतिवृत्ताची झेरॉक्स घेऊन! ‘जातो, पण आधी हे त्याला दाखवीन.’ मी म्हटलं, ‘अरे, कागद इथेच ठेव. फक्त विचार, डायलिसिस किती वाजता असतं, मी सोबत येऊ का.’

दोन तासांनी परत आला. बिनमिठाच्या जेवणाबद्दल आणि मुंबईच्या रणजी संघाबद्दल बोलणं झालं होतं. सहीचा विषय निघालाच नाही, याची त्याला जराशी हळहळच वाटत होती. ती हळहळ पुढे भरून निघाली. मंगळवारी तोच त्याला रिक्षानं नेतो, आणि सहीवरून दोघं आता जाता-येता रिक्षात भांडतात.