फोन बंद पडला तरी निरोप जाईल: हॅम रेडिओवरून लेखी संदेश, सुरुवात कशी करायची



ऑगस्ट 2024 चा पूर आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. विश्वामित्री शहरात शिरली, वीज गेली, आणि चार्जिंग संपलं तसे एकेक मोबाईल बंद पडले. आपल्या होड्या मदतीला निघाल्या खऱ्या, पण कुठल्या गल्लीत कोण अडकलंय हे कळायला काही मार्ग नव्हता. एकाच सोसायटीत आपल्या दोन होड्या जाऊन पोचल्या, आणि पलीकडच्या गल्लीतली म्हातारी माणसं संध्याकाळपर्यंत गच्चीवर बसून राहिली. होड्या होत्या, माणसं होती, निरोप तेवढा नव्हता.

तेव्हापासून खंडेराव मार्केटवर भेट झाली की कुणीतरी विचारतंच. "सिम नसताना वॉकीटॉकीवरून मेसेज पाठवतात असा व्हिडिओ पाहिला, ते खरं का?" खरं आहे. पण व्हिडिओत अर्धीच गोष्ट सांगतात. उरलेली अर्धी आम्ही समजून घेतली, ती इथे मांडतो.

हॅम रेडिओ म्हणजे काय

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी रेडिओ. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याकडून परीक्षा देऊन लायसन्स मिळतं आणि ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर बोलता येतं. मध्ये मोबाईल टॉवर नाही, कंपनी नाही, रिचार्ज नाही. आपला सेट आणि समोरच्याचा सेट, बस.

संकटात याचा उपयोग किती, हे आपल्या गुजरातने पाहिलं आहे. 26 जानेवारी 2001 ला भूज हादरलं, टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅमवाले सेट घेऊन कच्छात पोचले आणि निरोपांची ने-आण केली. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हॅम ऑपरेटर आपल्या साथीदारांबरोबर योगायोगाने अंदमानातच होत्या. पोर्ट ब्लेअरहून त्यांच्या रेडिओने बेटांची खबर बाहेर पोचवली.

बोलण्यापेक्षा लिहिलेलं का बरं

होडीवर इंजिनाचा आवाज, पावसाचा आवाज, लोकांचा आरडाओरडा. त्यात "तेरा नंबर" आणि "तीन नंबर" यात गोंधळ व्हायला वेळ लागत नाही. लिहिलेला निरोप डोळ्यांसमोर राहतो, पुन्हा वाचता येतो, दुसऱ्याला दाखवता येतो. शिवाय तो सेकंद-दोन सेकंदांत जातो, त्यामुळे एकाच चॅनेलवर पुष्कळ लोकांचं काम भागतं आणि बॅटरीही कमी जाते.

हे चालतं कसं? मोबाईलवर आपण मजकूर लिहितो. ॲप त्या अक्षरांचं आवाजात रूपांतर करतं, ऐकायला चिर्रर्र असं लागतं. तो आवाज वायरने किंवा ब्लूटूथच्या छोट्या डबीतून रेडिओत जातो आणि रेडिओ तो हवेत सोडतो. पलीकडचा रेडिओ तो ऐकतो, त्याचा मोबाईल त्याची परत अक्षरं करतो.

सुरुवात करणाऱ्याला यातली सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे एपीआरएस. अमेरिकेतल्या नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी ती बसवली. तिच्याबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवा.

1. एका निरोपात जास्तीत जास्त 67 अक्षरं बसतात. मराठी लिपीत लिहिलं तर प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा तिप्पट जागा खाते, म्हणजे वीस-बावीस चिन्हांतच जागा संपते. म्हणून आपली पोरं व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात तसंच इथेही लिहायचं.

2. निरोप पोचला की समोरच्या यंत्राकडून आपोआप पोच येते. पोच आली नाही तर यंत्र पुन्हा पाठवतं. मात्र पोच म्हणजे यंत्राला निरोप मिळाला एवढंच. माणसाने वाचला की नाही हे त्याच्या उत्तरावरूनच कळणार.

3. जीपीएस चालू असेल तर निरोप पाठवणारा कुठे आहे, ते ठिकाणही सोबत पाठवता येतं.

4. लांब जायचं असेल तर मध्ये उंचावर एक यंत्र ठेवतात. ते ऐकलेला निरोप पुन्हा पुढे पाठवतं. त्याला डिजिपीटर म्हणतात.

किती लांब जातो निरोप

इथे बरेच जण फसतात. हातातल्या 5 वॉटच्या सेटचे तरंग साधारण सरळ रेषेत जातात. शहरात इमारतींच्या मधून तो दोन-चार किलोमीटर गेला तरी पुष्कळ. आजवा सरोवर शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. तिथून जमिनीवर उभं राहून हातातल्या सेटने शहरातल्या हातातल्या सेटला निरोप जाईल, हा भरवसा धरू नका. दोन्ही टोकांना गच्चीवर चांगला अँटेना लावला, किंवा मध्ये उंच ठिकाणी डिजिपीटर असला, तर गोष्ट वेगळी. पैसे सेटच्या वॉटवर घालण्याआधी अँटेनाच्या उंचीवर घालावेत.

याहून लांबचं, म्हणजे जिल्ह्याबाहेर किंवा राज्याबाहेर बोलायचं तर एचएफ नावाचा वेगळा पट्टा लागतो. त्यावर जेएस8कॉल नावाच्या मोफत प्रोग्रामने कॉम्प्युटरवरून लेखी गप्पा मारता येतात, अगदी क्षीण सिग्नलवरही. तो साधारण 15 सेकंदांच्या तुकड्यांत मजकूर पाठवतो. त्यासाठी दोन्हीकडची घड्याळं एक-दोन सेकंदांच्या आत जुळलेली लागतात. खर्च आणि शिकणं दोन्ही जास्त, म्हणून ते दुसऱ्या पायरीला ठेवा.

दुसरं टोक कुठे

आपण गच्चीवरून निरोप पाठवला, पण तो घेणार कोण? बोट पाठवणारी, फायर ब्रिगेड हलवणारी यंत्रणा महानगरपालिकेची, आणि तिचं मुख्य कार्यालय आपल्या खंडेराव मार्केटच्याच इमारतीत आहे. 1906 साली सयाजीराव महाराजांनी बांधलेली ही इमारत आपण रोज बघतो. आपल्या वस्त्यांत दोन-तीन लायसन्सवाले आणि एक या मार्केटच्या आसपास, एवढी साखळी झाली तरी निरोप योग्य माणसाच्या हातात चालत जाऊन देता येईल. निरोप असा असावा:

"सयाजीगंज गल्ली 3, गच्चीवर 5 माणसं, 1 आजारी, होडी पाठवा"

इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर हा साठ-पासष्ट अक्षरांत बसतो. जागा, माणसं किती, काय हवं. "लवकर या, फार पाणी आहे" असं लिहून कुणालाच काही कळत नाही.

लायसन्स कसं काढायचं

अर्ज दूरसंचार खात्याच्या सरल संचार या पोर्टलवर भरायचा. परीक्षेत दोन भाग असतात: रेडिओचं साधं तंत्र आणि नियम. वय किमान 12 वर्षं पाहिजे, म्हणजे शाळेतली मुलंही बसू शकतात. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही, सुरुवातीला तीच घ्या. जनरल ग्रेडला मोर्स येणं लागतं. पास झालं आणि लायसन्स हातात आलं की स्वतःचं कॉल साइन मिळतं. रिस्ट्रिक्टेडचं व्हीयू3 ने आणि जनरलचं व्हीयू2 ने सुरू होतं. प्रत्येक निरोपाबरोबर हे नाव जातं, त्यामुळे कोण बोलतंय हे सगळ्यांना दिसतं. मार्गदर्शनासाठी गांधीनगरला गुजरात इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ आहे.

लायसन्स हातात आल्यावरच सेट घ्या. स्वस्तात मिळतो म्हणून ऑनलाइन वॉकीटॉकी मागवून लायसन्सशिवाय वापरणं हा गुन्हा आहे. सेट जप्त होईल तो वेगळाच.

साहित्य फार नाही: 144 ते 146 मेगाहर्ट्झवर चालणारा हातातला सेट, अँड्रॉइड मोबाईल, दोघांना जोडणारी वायर किंवा ब्लूटूथ डबी, एपीआरएसड्रॉइडसारखं ॲप, आणि पॉवर बँक. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ठेवायचं ते जवळपासच्या जुन्या हॅमवाल्यांना विचारूनच ठरवा.

काय चालत नाही

ही गोष्ट नीट वाचा. हॅम रेडिओवर धंदा चालत नाही. आज मार्केटला काय भाव, किती माल निघाला, बर्फ पाठवा, असलं काहीही पाठवायचं नाही. गुप्त भाषेत लिहायचं नाही. दुसऱ्याचे निरोप नेण्यावरही बंधन आहे. आपत्तीच्या वेळी सरकारी यंत्रणेच्या सांगण्यावरून ते काम करता येतं, म्हणून संबंध आधीपासून जोडून ठेवायला हवेत.

आणि समुद्रावरच्या होडीसाठी हा उपाय नाही. आपल्यापैकी काहींचे नातेवाईक किनाऱ्यावर बोटी चालवतात, त्यांना हे जरूर सांगा. त्यांच्यासाठी मरीन व्हीएचएफ आहे, त्याचा चॅनेल 16 संकटासाठी. इस्रोचं डॅट हे संकटसूचक यंत्र 2010 पासून आहे, आणि 2024 मध्ये आलेल्या त्याच्या नव्या पिढीत बोटीला उलट पोचही मिळते. शिवाय 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते 1 लाख बोटींवर मोफत ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. त्यावरून उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी छोटे लेखी निरोप जातात, तेही आपल्या भाषेत. बोटमालकांनी मत्स्य विभागात चौकशी करावी. तटरक्षक दलाचा नंबर 1554 घरातल्या बायकामाणसांच्या मोबाईलमध्येही सेव्ह असावा.

आता काय करायचं

पुरात होडीवर गेलेल्या माणसाचे दोन्ही हात वल्ह्यात असतात. रेडिओ सांभाळणारा माणूस गच्चीवर, घरात हवा. म्हणून आमचं म्हणणं असं की प्रत्येक वस्तीतून एक-दोन नावं द्या, आणि त्यात मुली, सुना, शाळा-कॉलेजातली मुलं जरूर असू द्या. संस्थेच्या कार्यालयात वही ठेवली आहे. दहा नावं झाली की अभ्यासाला एकत्र बसू.

तोवर एक सराव आजपासून फुकटात होतो. संध्याकाळी घरातल्यांनी मिळून कागदावर निरोप लिहायचा, 67 अक्षरांच्या आत. दुसऱ्याने तो वाचून सांगायचं, नेमकं कुठे जायचं आणि काय घेऊन जायचं. त्याला विचारावं लागलं तर निरोप चुकला. पुन्हा लिहायचा.

पाणी चढायला लागल्यावर कुणी शिकवायला बसत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी निदान दोन घरांत कॉल साइन असावं, एवढीच इच्छा.

आपला,
सचिव, संचालक मंडळाच्या वतीने