मधुमेही विद्यार्थी, त्याचे ताट व शिक्षकाचे कर्तव्य

मधुमेह हा प्रौढांचा, किंबहुना सुखवस्तू माणसांचा रोग होय, अशी समजूत आपल्या खेड्यांतून अद्यापि रूढ आहे. ती अपुरी आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह पुष्कळदा बालपणी किंवा कुमारवयात उद्भवतो. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचाच नाश करते व इन्सुलिन जवळजवळ नाहीसे होते. फार गोड खाल्ल्याने हा विकार होत नाही, तो संसर्गजन्य नाही, आणि त्यात मातापित्यांचा कोणताही दोष नाही. या तीन गोष्टी शिक्षकाने प्रथम स्वतः समजून घ्याव्यात व मग वर्गास समजावून द्याव्यात.

कार्तिकी एकादशीपासून साजगावी विठोबाची यात्रा भरते. सुक्या बोंबलांच्या बाजारामुळे या देवास लोक कौतुकाने 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. त्या दिवसांत एका शाळाभेटीच्या वेळी एक पालक मला बाजूस घेऊन म्हणाले, "साहेब, बोंबलात साखर नाही म्हणतात. मग पोराचा भात बंद करून नुसते बोंबील नि अंडी दिली, तर सुई सुटेल का?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर आपणां सर्वांस ठाऊक असणे अगत्याचे आहे, म्हणून हा लेख.

आपण खातो त्या भात, भाकरी, पोहे, बटाटा, फळे, गूळ या सर्वांत कर्बोदके असतात व पचनानंतर त्यांची रक्तात साखर होते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. नाचणीत तंतू व चुना अधिक असला तरी तिच्यातील कर्बोदके तांदळाहून फारशी कमी नाहीत, हे पुष्कळांस नवल वाटेल. आपल्याकडच्या कडव्या वालांत प्रथिने विपुल आहेत, परंतु पिष्टांशही आहे. अंडी, मासळी, सुके बोंबील यांत मात्र कर्बोदके नगण्य असतात. दुधी, शेवगा, पालेभाज्या यांतही ती अल्प असतात. तेव्हा त्या पालकांचे अर्धे म्हणणे खरे होते. कर्बोदके कमी खाल्ली तर जेवणाच्या वेळचे इन्सुलिन कमी लागते व साखरेचे चढउतारही पुष्कळदा मंदावतात. म्हणूनच काही प्रौढ रुग्ण वैद्यकीय देखरेखीखाली असा आहार पत्करतात.

उरलेले अर्धे मात्र प्राणघातक ठरू शकते. माणूस काहीही न खाता राहिला तरी यकृत रक्तात साखर सोडीतच असते आणि शरीरास इन्सुलिन लागतेच. ते मुळीच न मिळाल्यास शरीर चरबी जाळू लागते, रक्तात आम्ले साचतात, उलट्या व धाप सुरू होते, आणि रुग्ण बेशुद्ध होतो. इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे लागला. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच उपाय डॉक्टरांपाशी होता. त्याने आयुष्य थोडे लांबे, परंतु मूल वाचत नसे. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या मरणासन्न मुलास इन्सुलिन टोचण्यात आले व तो पुढे तेरा वर्षे जगला. आहाराने सुईची जागा घेता येत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? कारल्याचा रस वा कोणताही काढाही ती जागा घेऊ शकत नाही.

शिवाय मूल हे वाढते शरीर आहे. कर्बोदके फार तोडल्यास उंची व वजन खुंटण्याचा, साखर एकाएकी उतरण्याचा व अन्नाविषयी मनात भय बसण्याचा धोका असतो. म्हणून बालमधुमेहतज्ज्ञ मुलांसाठी अतिअल्प कर्बोदकांचा आहार सामान्यतः सुचवीत नाहीत. मोजून खाणे व त्या मापाने इन्सुलिन घेणे हाच राजमार्ग होय. आहारात कोणताही बदल डॉक्टरांना विचारून व इन्सुलिनची मात्रा त्याच वेळी बदलूनच करावयाचा असतो.

हे माप कसे चालते ते शाळेच्या जेवणावरून पाहू. पोषण आहारात प्राथमिक वर्गास दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ असे प्रमाण आहे. दोहोंची मिळून कर्बोदके सुमारे ९० ग्रॅम होतात. समजा, डॉक्टरांनी एखाद्या मुलास १५ ग्रॅम कर्बोदकांस १ युनिट असे प्रमाण ठरवून दिले आहे (हे प्रत्येक मुलाचे निराळे असते). पूर्ण वाढपास त्याला ६ युनिटे लागतील. त्याने तेवढी टोचून घेतली आणि खिचडी अर्धीच खाल्ली, तर ३ युनिटे अधिक ठरतील व त्याची साखर धोकादायकरीत्या उतरेल.

मी शिक्षक असताना असाच प्रसंग ओढवला होता. एके दिवशी गॅस संपल्याने खिचडीस तासभर उशीर झाला. एका मुलाने नेहमीच्या वेळी इन्सुलिन घेतले होते. तो घामाघूम होऊन पाटीकडे नुसता पाहत राहिला व मी त्याला 'लक्ष कोठे आहे?' म्हणून दरडावले. शेजारच्या मुलीने "गुरुजी, त्याला साखर द्यायची असते" असे सांगितले, म्हणून अनर्थ टळला. त्या मुलीस ठाऊक होते ते मला ठाऊक नव्हते, याची खंत आजही आहे.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात :

१. घाम, थरथर, फिकटपणा, चिडचिड, गोंधळलेली नजर ही साखर उतरल्याची लक्षणे होत. ७० मिलिग्रॅमखाली साखर गेली की उपाय करावा. ग्लुकोमीटर जवळ नसल्यास वाट पाहू नये.

२. मुलास पाण्यात विरघळवून साखर द्यावी. सुमारे ३० किलो वजनाच्या मुलास चहाचे २ चमचे, मोठ्या मुलास ३ चमचे. चॉकलेट देऊ नये, त्यातील चरबीमुळे साखर सावकाश चढते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर कमीच असल्यास पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर जेवण लांब असेल तर थोडे खाण्यास द्यावे. मुलास एकटे सोडू नये.

३. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून १०८ क्रमांकास कळवावे.

४. वारंवार तहान व लघवी, खंगणे, नव्याने अंथरूण ओले होणे ही न ओळखलेल्या मधुमेहाची चिन्हे असू शकतात. अशा मुलास त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावे. उलट्या व धाप असल्यास क्षणाचाही विलंब नको.

५. मधुमेही मुलास पाणी, लघवी, वर्गात तपासणी व मधल्या वेळचे खाणे यांस कधीही मज्जाव करू नये. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानेही २०२३ साली शाळांबाबत अशाच सूचना राज्यांना दिल्या आहेत. कबड्डी वा कवायतीपूर्वी साखर पाहावी व खिशात साखरेची पुडी असू द्यावी.

६. घरी शीतपेटी नसल्यास इन्सुलिनची बाटली पिशवीत बांधून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवावी. ते गोठू देऊ नये व उन्हातही ठेवू नये.

प्रत्येक मुख्याध्यापकाने पालक व डॉक्टर यांच्याकडून मुलाची मात्रा, जेवणाची वेळ व दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून घ्यावा, स्वयंपाकीताईंसही तो वाचून दाखवावा, आणि बदली झाल्यास नव्या शिक्षकाच्या हाती तो समक्ष द्यावा. जेवणास उशीर होणार असेल त्या दिवशी ते त्या मुलास सर्वांआधी कळले पाहिजे.

साजगावच्या त्या पालकांस मी एवढेच सांगितले : बोंबील अवश्य द्या, भातही मोजून द्या, सुई मात्र एक दिवसही चुकवू नका, आणि ताटात काही बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.