गोठा, कलादालन आणि पाहुणा

लातूर जिल्ह्यात व त्यास लागून असलेल्या भागात मार्गशीर्षाच्या अखेरीस येणाऱ्या वेळा अमावास्येस ‘येळवस’ म्हणतात. त्या दिवशी शहरांतील रस्ते ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलून जातात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, उंडे व आंबील यांचा नैवेद्य दाखविला जातो आणि वाटसरूसही आग्रहाने जेवावयास बसविले जाते. शेतावर पाहुणा येणे ही गोष्ट या भूमीस नवी नाही. नवी आहे ती एवढीच, की अशा पाहुणचारातून शेतकरी कुटुंबास वर्षभर काही जोडउत्पन्न मिळू शकते काय, हा विचार.

या व्यवसायास कृषी पर्यटन म्हणतात. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे श्री. पांडुरंग तावरे यांनी 2005 मध्ये त्याचा संघटितपणे आरंभ केला. 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यानुसार अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. परदेशातही ही कल्पना शेतकऱ्याच्या घरातच जन्मली. अमेरिकेतील डाकोटा प्रदेशात ईटन बंधू गुरांचा कळप बाळगीत असत. त्यांच्याकडे येणारे मित्र महिनोन्महिने राहत व घरातील धान्य संपवीत. अखेर 1882 पासून पाहुण्यांकडून राहण्याचे मोल घेण्यास प्रारंभ झाला. पुढे 1886-87 च्या भीषण हिवाळ्यात त्या प्रदेशातील गुरे फार मोठ्या प्रमाणावर मेली आणि कित्येक गुरेवाले कायमचे बसले. ईटन बंधूंचा पाहुणचाराचा धंदा मात्र टिकला. 1904 मध्ये ते वायोमिंग राज्यात गेले. तेथेही पाहुणे येत ते गुरे व घोडे यांच्यामधील जीवन अनुभवण्यासाठीच.

पिंगुळीचे उदाहरण

आपल्या राज्यातील एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर आदिवासी समाजात चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. चित्रकथीत रामायण-महाभारतातील प्रसंगांची कागदावर रंगविलेली चित्रे पाठीस पाठ लावून चिकटविलेली असतात. अशा चित्रांच्या संचास पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने कथा गाऊन सांगतो. एके काळी सावंतवाडी संस्थानाचा या कलांना आश्रय होता. तो आश्रय गेला, करमणुकीची नवी साधने आली आणि कलावंत कुटुंबे अन्य उद्योगांकडे वळू लागली. जुन्या पोथ्या व बाहुल्या कोठे फाटून गेल्या, कोठे विकल्या गेल्या.

या परिस्थितीत श्री. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरातील हा ठेवा जपला. त्यासाठी त्यांनी मोठी इमारत उभारली नाही. 2006 मध्ये त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचेच संग्रहालय केले व त्यात चित्रे आणि बाहुल्या मांडल्या. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या नावाने ते ओळखले जाते. त्यांचे पुत्रही याच कामात आहेत. येणाऱ्यांस संग्रह दाखविणे, कळसूत्री व छायाबाहुल्यांचे प्रयोग करणे, चित्रे रंगविणे आणि शिकू इच्छिणाऱ्यांस शिकविणे ही कामे कुटुंब स्वतः करते. 2021 मध्ये श्री. गंगावणे यांना पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

या उदाहरणातून घेण्याजोगा धडा असा, की केवळ जुन्या वस्तू मांडून दालन टिकत नाही. बाहुली नाचविणारा हात आणि पोथी गाणारा कंठ घरात असला, तरच पाहणारा दुसऱ्यांदा येतो. मुलांनी कला सोडली असती, तर त्या गोठ्यात केवळ अडगळ उरली असती.

नांदेड-लातूरचे दालन

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याने मात्र पिंगुळीची हुबेहूब नक्कल करून गोठा रिकामा करू नये. येथे गोठ्यातील जनावर हेच दाखविण्याजोगे धन आहे. देवणी ही गाय-बैलांची जात लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाने सर्व देशात ओळखली जाते. तिच्यात वानेरा, बालंक्या व शेवरा असे रंगभेद आहेत. वानेऱ्याचे अंग पांढरे व तोंडाचा काही भाग काळा असतो, तर शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेले असतात. दूध व काम या दोहोंसाठी ती उपयोगी पडते. नांदेड जिल्ह्यातील कंधार भागाची लाल कंधारी ही गर्द तांबड्या रंगाची जात उन्हात राबण्याच्या गुणामुळे नावाजलेली आहे. ट्रॅक्टर आल्यामुळे बैलाचे काम घटले आणि अधिक दूध देणाऱ्या संकरित गाई व म्हशी आल्या. त्यामुळे शुद्ध जातीचे जनावर बाळगणे कित्येकांस परवडेनासे झाले. पाहुण्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नातून अशा चार जनावरांच्या वैरणीचा खर्च निघाला, तरी जातीच्या संवर्धनास मोठा हातभार लागेल.

जोडीस कलाही आहे. किनवट-माहूर भागातील तांड्यांवरील बंजारा भगिनींचे कवड्या व आरसे जडविलेले भरतकाम, रेणुकेच्या उपासनेशी निगडित असलेला गोंधळ, पोळ्यासाठी विणलेल्या झुली, गोंडे व मोरक्या ही सारी सामग्री घरच्या एका ओसरीत मांडता येते. वस्तू कोणी केली, केव्हा व कशी वापरतात, हे प्रत्येक वस्तूजवळ लिहून ठेवावे. वस्तू करणाऱ्या भगिनीस योग्य मोल द्यावे आणि तिचे नाव पाहुण्यास सांगावे.

हंगामही सोयीचा आहे. ज्वारीचा हुरडा, येळवस आणि लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ही सारी हिवाळ्यातच येतात. माळेगावचा जनावरांचा व घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यास वर्षभर यात्रेकरू येतात. कंधार व उदगीरचे किल्ले आणि औसा तालुक्यातील खरोसा लेणी पाहावयासही लोक येतात. अशा वाटेवर ज्यांची शेती आहे, त्यांनी प्रथम एक-दोन खोल्यांपासूनच आरंभ करावा.

दिनक्रम आणि दक्षता

पाहुण्यांसाठी शेतीची कामे थांबवू नयेत. पहाटेची धार, शेण काढणे, वैरण तोडणे, पेरणी वा खुरपणी यांतच पाहुण्यास सहभागी करून घ्यावे. दूध नेहमी उकळूनच द्यावे, कारण कच्च्या दुधातून सांसर्गिक गर्भपातासारखे जनावरांचे रोग माणसास होऊ शकतात. दुसऱ्याच्या गोठ्यातून आलेल्या पाहुण्याने पादत्राणे धुतल्यावाचून आपल्या गोठ्यात येऊ नये. लाळ-खुरकुताचे लसीकरण वेळेवर करून घ्यावे. 2022 मध्ये राज्यात लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली. तशी साथ असताना गोठा बाहेरच्या माणसांसाठी बंदच ठेवावा. लहान मुलांस बैलांजवळ एकटे सोडू नये.

सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरू नये. विहिरीस उन्हाळ्यात किती पाणी राहते, हे मोजून मगच पाहुण्यांची संख्या ठरवावी. माणसे व जनावरे यांना पुरून उरेल तेवढेच पाणी पाहुण्यांसाठी धरावे. चैत्र-वैशाखात केंद्र बंद ठेवण्यात कमीपणा नाही.

दुसरा प्रश्न घरातील स्त्रियांच्या श्रमांचा आहे. पाहुणा आला, की भाकरी थापण्याचे, भांड्यांचे व अंथरुणांचे काम त्यांच्यावरच पडते. यास्तव पाहुण्यांच्या उत्पन्नाची वही निराळी ठेवावी आणि त्यातील वाटा काम करणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा. पाहुणे किती घ्यावयाचे, हे ठरविताना तिचे मत प्रथम घ्यावे. जेथे असे होत नाही, तेथे हा व्यवसाय घरास जड होतो व दोन-तीन हंगामांत बंद पडतो.

या कामी आरंभीच कर्ज काढून बांधकाम करणे धोक्याचे होय. ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास उत्साहाच्या भरात पुढे ढकलू नये. त्याच्याबरोबर बसून पाणी, वैरण, मनुष्यबळ व रस्ता यांचा हिशेब मांडावा. नोंदणीच्या अटी समजावून द्याव्यात आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी त्याची गाठ घालून द्यावी. प्रथम एका हिवाळ्यापुरता प्रयोग करावा, वही तपासावी आणि मगच दुसरी खोली बांधावी. पीक, जनावर आणि हातची कला ही तीन कामे ज्या घरात मनापासून चालू आहेत, त्याच घरास हा जोडधंदा लाभेल.